एक्केचाळीस नंबरचा आलमसिंह

छिन्नीवर हातोडी पडणार तोच सुबेदाराने गैणूचा हात धरला.

‘राहू दे,’ तो म्हणाला.

गैणू पाथरवटाने मान वर केली. शाळेच्या नव्या कमानीसाठी आणलेली लांब शिळा दोन ओंडक्यांवर आडवी ठेवलेली होती. तिच्यावर ‘आलम’ कोरून झालं होतं. पुढचं ‘सिंह नेगी’ अजून नुसतंच कोळशाने आखलेलं होतं.

‘नाव चुकलं का, सुबेदारसाहेब?’

‘नाव बरोबर आहे.’

‘मग अक्षर वाकडं गेलं?’

‘अक्षरही सरळ आहे. दोन दिवस थांब म्हणतोय.’

गैणूला लिहिता-वाचता येत नव्हतं. मास्तर आखून द्यायचे आणि तो त्यावरून छिन्नी चालवायचा. त्याने शिळेवरची भुकटी फुंकली, हत्यारं गोणपाटात गुंडाळली आणि पितरांच्या पंधरवड्यात दगडावर घाव घालायला आपलंही मन घेत नव्हतंच, असं म्हणून तो घरी गेला. सुबेदार तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याने कोरलेल्या तीन अक्षरांवरून अंगठा फिरवला. दगडाच्या ताज्या कडा चांगल्याच लागत होत्या.

गढवालातल्या पौडीच्या कचेरीत ज्याला बसायला खुर्ची मिळते, असा बिजोली गावात हा एकच माणूस. पहिल्या मोठ्या लढाईत फ्रान्समध्ये त्याला बहादुरीचं पदक मिळालं होतं. एकट्याने जर्मनांचा खंदक मोकळा केला, डोळे गेलेल्या कप्तानसाहेबाला पाठीवर घेतलं आणि गोळ्यांच्या माऱ्यातून परत आणलं. पदकापाठोपाठ बढत्या आल्या. शिपाई म्हणून गेलेला माणूस सुबेदार होऊन परतला. आता दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. जिल्हा बोर्डाने शाळेला कमान द्यायची आणि तिच्यावर गावच्या वीराचं नाव घालायचं ठरवलं होतं. कार्तिकात लॅन्सडाउन छावणीतून साहेब येणार, कमान उघडणार आणि खालच्या शेतात तरण्या पोरांची भरती करणार. त्याआधी सुबेदाराने उभं राहून आपला पराक्रम सांगायचा. तो त्याने इतक्यांदा सांगितला होता, की सांगताना मन दुसरीकडे असलं तरी जीभ अडखळत नसे.

फक्त त्यातलं काहीही त्याने केलेलं नव्हतं.

पलटणीत आलमसिंह नेगी दोन होते. आमच्या डोंगरात ठरावीक नावंच फिरून फिरून ठेवतात, त्यामुळे एका कंपनीत एका नावाचे दोन-तीन गडी असायचेच. मग त्यांना नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायची. बिजोलीचा आलमसिंह एक्केचाळीस आणि वर डोंगराच्या धारेवरच्या मल्ली गावचा आलमसिंह सत्त्याऐंशी. त्या दिवशी पहाटे हल्ला सुरू झाला तेव्हा एक्केचाळीस काटेरी तारेपर्यंत पोचला आणि तिथेच त्याच्या बरगडीत गोळी घुसली. त्याला पुढचं आठवत होतं ते विलायतेतल्या समुद्रकाठच्या इस्पितळातलं. चौदा दिवस तापात काढून त्याने डोळे उघडले, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा गडी त्याच्याकडे देवळातल्या मूर्तीकडे बघावं तसा बघत होता. मग एक मोठा साहेब आला, त्याचा हात हातात घेऊन बराच वेळ बोलला. दुभाष्याने सगळं समजावून सांगितलं. कारकुनाने दुसऱ्याच आलमसिंहाचा नंबर लिहिला हे त्याच्या ध्यानात आलं. पण तोंड उघडायला अंगात ताकद नव्हती. उद्या सांगू, असं मनाशी म्हणाला. उद्या पदक छातीवर आलं.

त्याला पंचवीस वर्षं झाली होती. माणसाने दिलेली शाबासकी विसरता येते. नाव दगडावर चढलं की ते आपल्या मागेही बोलत राहणार, हे काही त्याला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला तो घरातून निघाला. बायकोला म्हणाला, मल्लीला जाऊन येतो, जुना सोबती आहे. तिला नवल वाटलं. दोघांमध्ये जेमतेम तीन कोसांचा चढ, पण हा कधी तिकडे फिरकला नव्हता. सत्त्याऐंशीही कधी खाली आला नव्हता. जत्रेत समोरासमोर आले तर राम राम करून दोघं दोन बाजूंना पांगत. त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मनातल्या मनात आपल्यावर थुंकतो आहे, असं सुबेदाराने कधीच ठरवून टाकलं होतं.

वाट चिडाच्या झाडांतून वर चढत बांजाच्या रानात शिरली. पाऊस उघडून आठवडा झाला होता, तरी सावलीतले दगड निसरडे होते. बरगडीतली जुनी जखम चढावर नेहमी टोचायची. तो दोनदा बसला. सांगायचं वाक्य मात्र चालताना पक्कं होत गेलं : भाऊ, तुझ्या ताटातलं मी जेवलो, आता तू म्हणशील ते करतो. बोर्डाच्या साहेबापुढे जाऊन खरं सांगायचीही त्याची तयारी होती. पदक त्याने रुमालात बांधून बंडीच्या आत ठेवलं होतं.

दिवस बराच वर आला तेव्हा तो मल्लीत पोचला. सत्त्याऐंशीचं घर गावाच्या टोकाला होतं. दारात उडदाचे वडे तळल्याचा वास येत होता. अंगणात सून नाचणी वाळत घालत होती. तिचं नाव कौंशी. नवरा देहरादूनला जंगलखात्यात असल्यामुळे सासऱ्याचं सगळं तीच बघायची. तिने डोक्यावर पदर ओढला, पाया पडली आणि बडाजी म्हणजे थोरले सासरे म्हणून त्याला बसायला घोंगडं टाकलं.

वडे आणि खिरीचं सुबेदाराला नवल वाटलं. आज घातचतुर्दशी. शस्त्राने मेलेल्या माणसाचं श्राद्ध तेवढं या दिवशी घालतात. सत्त्याऐंशीचा बाप तापाने गेलेला, भाऊ दरीत पडून. शस्त्राने मेलेलं या घरात कुणी असल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि सत्त्याऐंशी आतून बाहेर आला. हातात तांब्या, खांद्यावर धुतलेलं धोतर. केस पार पांढरे झाले होते. फ्रान्सच्या थंडीत दोन्ही पायांची बोटं सडून गेली होती, त्यामुळे तो टाचांवर बदकासारखा झुलत चालायचा. तो पाहुण्यापाशी आला आणि त्याला नीट निरखून पाहू लागला.

‘एक्केचाळीस,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, आता आपण एकदम वरच भेटू.’

‘तुझ्याशी बोलायचंय.’

‘पंचवीस वर्षं थांबलास, आणखी घटकाभर थांबलास तर मरणार नाहीस. मला गदेऱ्यावर जायचंय. येतोस तर चल. उतरताना तुझा खांदा तरी होईल.’

गदेरा म्हणजे डोंगरातला ओढा घरापासून दोनशे पावलं खाली होता, पण वाट उभ्या उताराची होती. सत्त्याऐंशीने खरोखरच त्याचा खांदा धरला आणि सगळं वजन टाकून उतरू लागला. दर वर्षी कौंशी सोबत येते, तिला ही वाट उतरवणं म्हणजे म्हैस उतरवणं वाटतं, असं तो सांगत होता. मुलाची बदली, यंदाची नाचणी, अस्वलाने फोडलेली मधाची पेटी. सुबेदाराच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. खाली पोचल्यावर सत्त्याऐंशी पाण्यालगतच्या सपाट खडकावर बसला आणि पाय गार पाण्यात सोडून त्याने सुस्कारा टाकला. मग पुडीतले काळे तीळ तळहातावर घेऊन तो निवडू लागला.

सुबेदार उभाच होता. वाटेत पक्कं केलेलं वाक्य कुठेतरी सांडून गेलं होतं. त्याने बंडीतून रुमाल काढला आणि खडकावर ठेवला.

‘हे तुझं आहे,’ तो म्हणाला.

‘ठाऊक आहे.’

‘मी तारेच्या पलीकडे गेलोच नव्हतो. शुद्धीवर आलो तेव्हा सगळं झालेलं होतं. कारकुनानं नंबर चुकीचा लिहिला आणि माझ्या तोंडून...’

‘कारकुनानं नाही,’ सत्त्याऐंशी तिळांकडे बघतच म्हणाला. ‘मीच सांगितला.’

ओढ्याचा आवाज मोठा होता. आपण चुकीचं ऐकलं असं सुबेदाराला वाटलं. सत्त्याऐंशीने त्याला हाताने खाली बसायला सांगितलं आणि तो बसल्यावरच पुढे बोलला.

त्याने सांगितलं ते असं. खंदकात उतरलेल्यांपैकी वळणापर्यंत तो आणि कप्तान मर्डॉकसाहेब असे दोघंच जिवंत पोचले. वळणावर बॉम्ब फुटला आणि साहेबाचे डोळे गेले. साहेब चिखलात बसून हाताने आजूबाजूला चाचपत होता. सत्त्याऐंशी वळण घेऊन पुढे गेला. पलीकडे तिघं होते. पहिल्या दोघांच्या हातात बंदुका होत्या, त्यांचं जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल मनात काही नाही, तो म्हणाला. तिसरा मागे होता. वीस-एकवीस वर्षांचा, गालांवर लव. त्याने बंदूक टाकून दिली आणि दोन्ही हात वर केले.

‘हातात लोकरीचे हातमोजे होते,’ सत्त्याऐंशी म्हणाला. ‘राखी रंगाचे. एक अंगठा फाटलेला होता, तो कुणीतरी तांबड्या लोकरीनं विणून दिला होता. घरात राखी लोकर संपली असेल.’

सुबेदाराची नजर स्वतःच्या अंगठ्यावर गेली.

‘घाईत झालं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. घाईत नाही झालं. मला वेळ होता. श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ होता आणि तेवढ्यात मी सगळा विचार केला. साहेबाला पाठीवर घ्यायचा तर दोन्ही हात अडकणार. हा पाठीमागे मोकळा राहणार. त्याला राखू की साहेबाला उचलू? माणूस एक, कामं दोन.’ त्याने तिळातला एक खडा काढून पाण्यात टाकला. ‘मग उचलला साहेबाला.’

पाण्यावरून एक खंड्या चिरकत गेला. सत्त्याऐंशी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

परत आल्यावर मलमपट्टीच्या तंबूत साहेबाने त्याचा हात घट्ट धरला आणि विचारलं, कोण तू? आलमसिंह, तो म्हणाला. कुठला? सत्त्याऐंशी म्हणायला तोंड उघडलं, पण जीभ वळेना. आपला नंबर घेतला की ते सगळं कायमचं आपल्या अंगाला चिकटणार, असं त्याला वाटलं. सकाळी तारेपाशी एक्केचाळीस पालथा पडलेला त्याने पाहिला होता.

‘मेलास असंच वाटलं मला. म्हटलं, मेलेल्याच्या खांद्यावर ठेवू. त्याला काय जड होणार? झालंच तर तुझ्या बायकोला काही मिळेल. नवीनच लग्न झालं होतं ना तुझं?’ त्याने प्रथमच सुबेदाराकडे तोंड वळवलं. ‘मेला असतास तर सगळं सुरळीत झालं असतं बघ.’

सुबेदार उठला. ओढ्याच्या कडेने वरच्या अंगाला चालत गेला आणि पाठ करून उभा राहिला. पंचवीस वर्षं प्रत्येक सलाम त्याने नजर खाली घालून घेतला होता. मुलीच्या लग्नात लोकांनी पदकाला हात लावून नमस्कार केला, तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला होता. आपण चोर आहोत हे त्याने इतकं मनापासून मानलं होतं, की आता आपल्या घरात कुणी दुसऱ्यानेच माल आणून टाकला होता हे कळल्यावर राग कुठून सुरू करावा हेच त्याला समजेना. खाली पडलेलं एक लाकूड त्याने उचललं, मोडलं आणि पाण्यात टाकलं.

तो परत आला तेव्हा सत्त्याऐंशी रुमालाची गाठ न सोडता तो नुसताच हाताने चाचपून बघत होता.

‘साहेबाचं काय झालं?’ त्याने विचारलं. ‘दिसू लागलं का त्याला?’

‘नाही. चार वर्षांपूर्वी वारला. दर वर्षी पत्र पाठवायचा.’

‘तुला?’

‘तुला,’ सुबेदार म्हणाला, आणि मग त्याचा राग जरा उतरला. ‘मास्तर वाचून दाखवायचे. एकदा लिहिलं होतं, तू मला घेऊन चालत होतास तेव्हा पावलं मोजत होतास, गढवालीत. मला रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तसंच मोजत पडतो, असं. मी काय उत्तर देणार? अक्रोड पाठवले.’

सत्त्याऐंशीच्या हातातले तीळ तसेच राहिले.

‘मोजत होतो,’ तो म्हणाला. ‘मला वीसपर्यंतच येतं. वीस झाले की पुन्हा एकपासून.’ त्याने ओल्या हाताने तोंड पुसलं. ‘ऐकत होता होय. मला वाटलं, शुद्धीत नाही.’

सुबेदाराने मग जे ठरवून आला होता ते सांगितलं. पौडीला जाऊन बोर्डाच्या साहेबापुढे सगळं खरं बोलायचं, शिळेवर मल्लीच्या आलमसिंहाचं नाव घालायचं. सत्त्याऐंशीने ऐकून घेतलं आणि मान हलवली. मोज्यांबद्दल साहेबाला सांगशील का, असं त्याने विचारलं. ते सांगणार नसशील तर अर्धंच खरं सांगून काय उपयोग? आणि सगळं सांगितलंस तर त्या शाळेत शिकणाऱ्यांनी रोज त्या कमानीखालून जाताना काय समजायचं? रुमाल त्याने परत सुबेदाराच्या बंडीत कोंबला. घरात नको, म्हणाला, सून भांडी लावताना उघडून बघेल.

ऊन डोक्यावर आलं होतं. सत्त्याऐंशी पाण्यातून पाय काढून दक्षिणेकडे तोंड करून बसला. जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भाची अंगठी बोटात घातली. आता सुबेदाराला घरातल्या वड्यांचा आणि खिरीचा अर्थ लागला.

‘दर वर्षी करतोस?’

‘आलो त्या वर्षापासून. भटजींना नाही सांगितलं. नाव विचारतील, गोत्र विचारतील. घरी म्हणतो, पलटणीतला एक होता.’ त्याने तांब्यात तीळ टाकले आणि तो तसाच थांबला. मग अंगठी बोटातून काढून त्याने सुबेदारापुढे धरली. ‘यंदा तू दे.’

‘मी?’

‘कागदावर तूच आहेस. तीन माणसं मारली असं लिहिलंय ना? साहेबाला तू आणलंस, पदक तू घेतलंस, मग तो काय माझ्या एकट्याच्या वाट्याला?’

तो हे चिडून बोलला नव्हता. जड ओझं वाटेत दुसऱ्याच्या डोक्यावर देताना माणूस जसा दोन्ही हातांनी धरून, हळूच सोडतो, तसं त्याने ते सांगितलं. सुबेदार अंगठीकडे बघत राहिला. नाही म्हटलं असतं तरी सत्त्याऐंशीने पुन्हा विचारलं नसतं, हे त्याला कळत होतं. त्याने बंडी काढून खडकावर ठेवली, जानवं उजवीकडे घेतलं, अंगठी बोटात घातली आणि तो पाण्यात उतरला. पाणी घोट्यांना चावत होतं.

‘नाव काय घेऊ?’

‘त्याचं ठाऊक नाही. मी तांबड्या अंगठ्याचा म्हणतो.’

सुबेदाराने ओंजळीत तिळाचं पाणी घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा अंगठ्याच्या बाजूने सोडलं. प्रत्येक वेळी त्याचे ओठ हलले. तीळ क्षणभर पाण्यावर फिरले आणि खडकाला वळसा घालून गेले. काठावर सत्त्याऐंशी हात जोडून बसला होता. त्याचे डोळे मिटलेले होते.

जेवून सुबेदार उतरला तो दिवस मावळायच्या आत घरी पोचला. पितरांचा पंधरवडा संपल्यावर गैणूला बोलावून त्याने नाव पुरं करायला सांगितलं. बोर्डाने धाडलेल्या कागदावर पुढे गाव, नंबर आणि पदकाचं नाव होतं. ते कोरायचं नाही, म्हणाला. मास्तरांनी कारण विचारलं, तेव्हा शिळेवर जागा पुरणार नाही असं त्याने उत्तर दिलं. जागा पुष्कळ होती.

कार्तिकात साहेब आला. कमानीला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. सत्त्याऐंशी कुणाच्या तरी खेचरावर बसून खाली आला होता आणि गर्दीच्या कडेला भिंतीवर बसला होता. सुबेदाराला पुढे बोलावलं. लोक ऐकायला सरसावले. फ्रान्समध्ये गुडघाभर चिखल होता, तो म्हणाला. थंडी आपल्या थंडीसारखी नव्हती, ओली होती. पडलेले लोक आईला हाका मारत होते, आमचेही आणि त्यांचेही, आणि हाक कुठल्याही बोलीत कळते. एवढं बोलून तो खाली बसला. वयामुळे भरून आलं असेल, असं समजून साहेबाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. त्या दिवशी खालच्या शेतात सतरा जण भरती झाले. बिजोलीचे नऊ, मल्लीचे तीन, बाकी पलीकडच्या गावांचे. सुबेदाराने एकेकाच्या कपाळाला टिळा लावला, कारण ते काम त्याचंच होतं.

गर्दी पांगल्यावर सत्त्याऐंशी झुलत झुलत कमानीखाली आला आणि वर बघू लागला. त्यालाही वाचता येत नव्हतं.

‘काय लिहिलंय?’

‘आलमसिंह नेगी.’

‘पुढे?’

‘पुढे काही नाही.’

‘बरं केलंस,’ तो म्हणाला आणि आपलं खेचर शोधायला गेला.

त्या हिवाळ्यात माघ महिन्यात मल्लीला बर्फ पडलं आणि सत्त्याऐंशीच्या छातीत कफ धरला. निरोप बिजोलीत पोचला तेव्हा त्याला जाऊन दोन दिवस झाले होते. वाट बंद होती. सुबेदार उंबऱ्यावर बसून धारेकडे बघत राहिला आणि त्या दिवशी जेवला नाही. बायकोने विचारलं, एवढा जवळचा होता का? पलटणीत एका नंबराचे होतो, असं काहीतरी तो बोलला.

पुढच्या घातचतुर्दशीला तो पुन्हा मल्लीचा चढ चढला. बरगडी दुखत होती, त्यामुळे पोचायला दुपार झाली. कौंशीने वडे तळलेले होते. आपण येणार हे तिला कसं कळलं, असं त्याने विचारलं. सासऱ्यांनी आजारपणात सांगून ठेवलं होतं, ती म्हणाली, बडाजी येतील, त्यांच्यासाठी खीर कर. तीळ आणि दर्भ तिनेच काढून दिले. तांब्या घेऊन ती त्याच्याबरोबर गदेऱ्यापर्यंत उतरली आणि त्याचं होईपर्यंत वरच्या दगडावर पाठमोरी बसून राहिली.

परत आल्यावर तिने पान वाढलं. सुबेदाराने पाणी फिरवलं, पण घास घेतला नाही. कौंशी दाराला टेकून उभी होती.

‘बडाजी, एक विचारू?’

‘विचार.’

‘आमचे मामंजी इतकी वर्षं करायचे. पलटणीतला होता म्हणायचे, आणखी काही सांगायचे नाहीत. आता पुढे यांनाच करावं लागेल, म्हणून विचारते. कोण होता तो?’

सुबेदाराने पानाकडे पाहिलं. कुणी विचारलं की पराक्रम सांगायची त्याच्या जिभेला सवय होती. त्याने मान वर करून कौंशीकडे पाहिलं.

‘हात वर केले होते त्यानं,’ तो म्हणाला. ‘माझ्या हातून मेला.’

 कौंशीने पुढे येऊन त्याच्या पानावर आणखी एक वडा ठेवला.

‘जेवा, बडाजी,’ ती म्हणाली. ‘खीर गार होतेय.’